बॅटरीच्या पेटीतला समुद्र

आमच्या घरात मासा शिजणं सोडाच, कोणी माशाचं नुसतं नाव काढलं तरी आई चूळ भरायची. तुळशीची माळ माझ्या वडिलांच्या, आबांच्याही गळ्यात होती, पण धाक आईच्या माळेचा. लोणावळ्याच्या बाजारात सुकटीचं दुकान आलं की ती पदर नाकाला लावून रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेला जायची आणि मलाही दंडाला धरून ओढायची. आणि अशा बाईनं सून आणली ती थेट अलिबागेकडची, जिच्या माहेरच्या परसात माशांचं तळं होतं आणि ओटीवर बसलं की समुद्र दिसायचा. हे जमलं कसं म्हणाल, तर जमवलं माझ्या थोरल्या भावानं. दादा रेल्वेच्या सबस्टेशनात कामाला होता. घाट चढणाऱ्या इंजिनांना वीज जायची ती तिथून. त्याच्या बरोबरीच्या एका मित्राच्या घरी लग्न होतं म्हणून दादा खाली कोकणात गेला आणि परत आल्यावर त्याचं जेवणावरून लक्षच उडालं. आई म्हणाली, "तिथलं पानी बाधलं वाटतं." आबा विडी शिलगावत म्हणाले, "पानी न्हाई, पानी देनारी बाधली." मित्राची मामेबहीण होती ती. जात जुळत होती, कूळ जुळत होतं, तेव्हा आईला बोलायला जागा उरली नाही. तिनं अट तेवढी घातली, की माळ घाल न घाल, पण उंबऱ्याच्या आत मासळी येणार नाही. वैशाखात आमच्याच दारात लग्न लागलं आणि त्यासाठी घाट चढून आलेली मंदावहिनी आमच्या घरची झाली.

वळवणच्या बाजूला आमचं कौलारू घर होतं, पुढं ओटी, मागं दोन म्हशींचा गोठा आणि त्याच्यापलीकडं भाताची खाचरं. घरातल्या आवाजांची मला इतकी सवय होती की ते आवाज आहेत हेच वहिनी आल्यावर कळलं. मालगाडीला मागून लावलेल्या इंजिनाची शिट्टी झाली की ती दचकायची. मग पाऊस लागला तो लागलाच. ज्यांनी तो पाऊस पाहिलाय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून पटायचं नाही. चुलीच्या वर दोरीवर कपडे वाळायचे आणि सगळ्या घराच्या अंगाला धुराचा वास यायचा. धुकं तर सरळ माजघरात येऊन बसायचं. वहिनी मला हळूच विचारायची, "सुमन, गो, इथे वारा कुठून येतो?" मी म्हणायची, सगळीकडून. ती म्हणायची, "आमच्याकडे वाऱ्याला वास असतो. वासावरून कळतं भरती आहे की ओहोटी." आंबेमोहराचा भात, वरण, नाचणीची भाकरी, कुरडूची भाजी, सगळं ती मुकाट्यानं खायची, पण लोणच्याचा खार मात्र बोटानं निपटून चाटायची. मला हसू यायचं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, शहाणपणाचा नुसता कळस.

आई वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिला नावं ठेवाल. तिला फक्त सगळं लख्ख लागायचं. एकादशीच्या आदल्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं, पाट, दिवा, समई, माझं दप्तरसुद्धा अंगणात यायचं आणि राख, चिंच, काथ्या घेऊन ती त्यावर तुटून पडायची. सून आली तशी ती सुनेच्याही हात धुऊन मागे लागली. तांदूळ तीन पाण्यांत धू, अंबाडा असा नको, तसा घाल, मोठ्यानं हसू नको, ते "गो" म्हणायचं आधी सोड. वहिनी प्रत्येक वेळी "हो" म्हणायची आणि प्रत्येक वेळी थोडी कमी बोलायची. श्रावण येईपर्यंत तिचा आवाज घरात ऐकू येईनासा झाला. दादाला ते दिसत होतं. पण आईपुढं बोलायची छाती ना त्याला, ना मला.

त्यानं दुसरंच काहीतरी केलं. सबस्टेशनात मोठाल्या बॅटऱ्या असत. एकेका बॅटरीला जाड हिरवट काचेची पेटी, चार घागरी पाणी मावेल एवढी. जुन्या बॅटऱ्या काढल्या तेव्हा दादानं साहेबांना विचारून एक पेटी मागून घेतली. आत ॲसिड मुरलेलं, म्हणून सोड्यानं धुऊन ती पागोळ्यांखाली ठेवली आणि उरलेला सगळा पावसाळा तिच्यावरून पाणी वाहू दिलं. आम्हाला वाटलं म्हशीला आंबोण ठेवायला आणली असेल. नवरात्र संपलं तेव्हा त्यानं ती ओटीवर भक्कम बाकावर चढवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मंदा, ह्यात समुद्र भरायचा." आबांची विडी हातातच राहिली. वहिनी आधी दादाकडं, मग आईकडं बघत राहिली. आईनं विचारलं, "म्हंजे मासं?" दादा म्हणाला, "बघायचे, आई. खायचे नाहीत." आईला यात नक्की पाप कुठं आहे ते सापडेना, आणि सापडेपर्यंत दादानं होकार गृहीत धरून टाकला.

मग काय, पेणकडून मीठ घेऊन ट्रक घाट चढायचे, त्यांतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती वहिनीच्या भावानं पाणी धाडलं. ॲसिड यायचं ते जाड काचेचे बुधले दादानं धुऊन दिले होते, त्यांत किनाऱ्यापासून आत खोलवरचं नितळ पाणी भरून आलं. बरोबर गोणपाटात वाळू, शिंपले आणि खडपातले, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळातले, भोकाभोकांचे दगड. हवेसाठी दादानं मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. सायकलच्या पंपानं ती फुगवायची, तिला दवाखान्यातली रबरी नळी जोडायची, नळीला दोऱ्यानं गाठ मारून अगदी बारीक वाट ठेवायची, की पेटीच्या तळातून बुडबुड्यांची माळ वर यायला लागते. पंप मारायचं काम माझ्याकडं आलं, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. पेटी भरली तशी वहिनीनं पाण्याच्या पातळीला बाहेरून काचेवर कुंकवाची आडवी रेघ ओढली. मला म्हणाली, "पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. रेघेच्या खाली गेलं तर आपलं विहिरीचं गोडं पाणी घालायचं." इतकं लांब वाक्य तिच्या तोंडून मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. मग मासे आले, बोटाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे, आणि शंखात घर करून राहणारा एक खेकडा. सगळं वळवण बघायला लोटलं. वहिनी हसली, मोठ्यानं हसली, आणि आई काही बोलली नाही. त्या संध्याकाळी दादानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

आठवडाही गेला नसेल, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. एकामागोमाग एक गेले सगळे. माळकऱ्याच्या ओटीवर मेलेला मासा, म्हणजे आईच्या दृष्टीनं काय झालं असेल बघा. तिनं आंघोळ केली, ओटी सारवली, आणि पेटी रिकामी करवून आतले दगड कढत पाण्यात टाकून राखेनं असे घासले की पांढरे फटक दिसायला लागले. वाळू बारा पाण्यांत धुतली. "घान झाली व्हती, म्हनून मेले," तिचा निकाल. आम्हालाही ते पटलं. वहिनीलासुद्धा पटलं, कारण तिच्या माहेरी समुद्र आपला आपण स्वच्छ असायचा, त्याला कोणी घासत नव्हतं, पण घाणही दिसत नव्हती. पुन्हा ट्रक, पुन्हा पाणी, पुन्हा मासे, आणि पुन्हा तेच. मधे एकादशी आली तर आईनं न सांगताच दगड घासून दिले, चांगुलपणानं. जितके मासे मरत तितकी ती जास्त घासायची आणि जितकी घासायची तितके लवकर ते मरायचे. शेवटी शंखातला खेकडा तेवढा उरला, तोही कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला. आबा म्हणाले, घाटावरची हवाच त्यांना मानवत नाही. ते सहज बोलले, पण वहिनी तिथंच भाकरी थापत होती आणि तिचा हात थांबला. मागच्या दारी मला म्हणाली, "बरोबर आहे गो त्यांचं. समुद्राचं काही इथे जगत नाही." रडली नाही. रडली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि ती माहेरी गेली, चार दिवस म्हणून. जाताना मला एवढंच म्हणाली, "हवा तेवढी देत जा." चाराचे आठ झाले, आठाचे पंधरा झाले. दादा आणायला गेला आणि एकटाच परत आला. तिनं त्याला सांगितलं होतं, थोडे दिवस राहू दे. किती थोडे, ते नव्हतं सांगितलं. आमच्या घरात तेव्हापासून जेवताना ताटांचा आवाज तेवढा व्हायचा. शेजारणी विहिरीवर आईला विचारायच्या, सून कधी येणार, आणि आई घागर अर्धी भरूनच घरी यायची. ती मनातून हादरली होती. पण ते कबूल करण्याऐवजी तिनं काथ्या उचलला आणि पेटीकडं वळली. तेव्हा दादा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला. "त्याला हात लावायचा नाही कोणी." आईनं काथ्या खाली ठेवला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार, पण ती नुसती आत गेली.

पेटी तशीच राहिली. आत तो शंखातला खेकडा मेलेला होता हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पाणी आधी तांदळाच्या धुवणासारखं गढूळ झालं आणि असा वास सुटला की पोस्टमन अंगणातूनच हाक मारून पत्र टाकायचा. मी नाकाला ओढणी बांधून पंप मारायची आणि कुंकवाच्या रेघेपर्यंत पाणी घालायची. का मारत होते, तर वहिनीनं सांगितलं होतं म्हणून, दुसरं काही शास्त्र त्यात नव्हतं. पंप बंद केला तर ती येणारच नाही, असं काहीतरी खुळं डोक्यात बसलं होतं. मग काचेवर तपकिरी बुळबुळ धरली. दगड मळकट झाले. आई येता-जाता तिकडं बघायची नाही, आणि न बघताही तिच्या कपाळावर आठी पडायची. पुढं कधीतरी वास कमी झाला. पाणी आपलं आपण निवळलं. दगडांवर हिरवी लव आली आणि एक दिवस सकाळी पंप मारताना मी थबकले, कारण ओटीवर निराळाच वास होता, ओला, खारा, थोडा लोखंडासारखा. घाणेरडा नव्हता तो. मी समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

आता माझ्या नातवानं पुण्यात फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी केली आहे. मासे घालायच्या आधी महिना-दीड महिना ती रिकामीच चालवायची असते, आजी, असं त्यानं मला समजावून सांगितलं. त्यासाठी त्याच्याकडं एक बाटली आहे, तिच्यात म्हणे चांगले जंतू असतात, आणि कागदाच्या पट्ट्या आहेत, त्या रंग बदलतात. मी ऐकून घेतलं. पट्ट्या नव्हत्या आमच्याकडं. आमच्याकडं वहिनीचे वडील आले.

तात्या होळीच्या आधी आले. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरी टोपी. गुळाचा चहा समोर आला, पण त्यांनी कप उचलला नाही. आबांना म्हणाले, "व्याही, आडपडदा ठेवत नाही. मंदा म्हणते, माणसं वाईट नाहीत, पण तिथे माझा जीव घुसमटतो. तिला धाडू की नको ते तुमच्याशी बोलून ठरवायला आलो." दादा खांबाला टेकून उभा होता, तो जमिनीकडं बघायला लागला. आई दारातून म्हणाली, "आमी काय तिला मारलं-झोडलं न्हाई." तात्या म्हणाले, "नाही, विहीणबाई. तसं ती म्हणालीही नाही." तेवढ्यात ट्यूबमधली हवा संपत आल्यावर नळी गुडगुडायची तशी गुडगुडली आणि तात्यांनी वळून पाहिलं.

ते उठले, पेटीपाशी गेले, बाही वर करून हात आत घातला. दगडावरून बोट फिरवलं, वास घेतला, आणि जिभेला लावलं. आईनं तोंड फिरवलं. "हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं. मी घाबरत म्हणाले, कोणीच नाही, धुतलं नाही एवढंच. तात्या पहिल्यांदा हसले. "अगो बाय, तेच करायचं असतं. नवं तळं खणलं की आम्ही त्यात लगेच मासे सोडत नाही. आधी पाला कुजू देतो, वास सुटू देतो. मग ते पाणी आपली घाण आपण खायला शिकतं. ही बुळबुळ आहे ना, तीच खाते. तळं पिकलं की मगच मासा सोडायचा, तोही आधी एकच. आता ही पेटी पिकली आहे. मंदाला हे ठाऊक असायला हवं होतं, पण ती जन्मली तेव्हा आमचं तळं पिकून दोन पिढ्या झाल्या होत्या."

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं विचारलं, "म्हंजे मी घासत व्हते, म्हनून मरत व्हते?" तात्या अवघडले. म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." आई म्हणाली, "ते मी न्हाई इचारलं." मग तात्या म्हणाले, "होय. म्हणूनच."

आई आत गेली. आम्हाला वाटलं, आता ही बाहेर यायची नाही. चुलीवर तवा चढल्याचा आवाज आला. तिनं तात्यांना पिठलं-भाकरी वाढली, वर म्हशीच्या तुपाची धार धरली, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "उद्याच्या यष्टीनं मी येते तुमच्यासंगं. मंदाला आनायला. पोरगा गेलता, तवा ती आली न्हाई. आता मी येते." आबांना ठसकाच लागला. आई आजवर घाटाच्या खाली उतरली नव्हती. सुनेला आणायला सासूनं जायचं, हे तर आमच्याकडं कोणी ऐकलंही नव्हतं. सोबतीला मला घेतलं, कारण बसमध्ये तिला मळमळेल अशी तिला भीती होती.

मळमळलं मलाच. खोपोली, पेण करत तात्यांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. वहिनी अंगणात जाळं सुकवत होती. आम्हाला बघून तिच्या हातातून जाळं गळून पडलं आणि तिनं गडबडीनं डोक्यावर पदर घेतला. आई म्हणाली, "राहू दे. आधी तुजा समुद्र दाव." आम्ही तिघी किनाऱ्यावर गेलो. लाट आईच्या पायाला लागली तशी तिनं वाकून नमस्कार केला, थेंबभर पाणी तोंडात घातलं आणि म्हणाली, "लयच खारट हाय." मग बराच वेळ लाटांकडं बघत राहिली. "ह्याला कोन धुतं गं?" तिनं विचारलं. वहिनी म्हणाली, "कोणीच नाही." आई म्हणाली, "तुजी पेटी पिकली म्हनत्यात तुजे वडील. मला त्यातलं कळत न्हाई. येतीस का घरी? मी न्हाई घासनार आता." माफी बिफी मागायची आईची रीत नव्हती, हे तिच्या हिशेबानं फार झालं. गोष्ट नुसत्या पेटीची नव्हती हे मलासुद्धा कळलं, आणि मी तेव्हा किती शहाणी होते ते वर सांगितलंच आहे. वहिनीनं आईचा हात धरला, कारण पायाखालची वाळू सरकली की नवखं माणूस पडतं.

परतताना तात्यांनी मातीच्या मडक्यात एकच मासा दिला, पट्ट्यांचा, करंगळीएवढा. मडकं वहिनी घेणार होती, पण आईनं ते आपल्या मांडीवर ठेवून घेतलं. घाटातल्या वळणांना गाडी कलंडायची तशी ती मडक्याला दोन्ही हातांनी कवळायची. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "काय हाय वो मावशी, ताक?" आई म्हणाली, "मासा हाय." म्हातारीनं आईच्या गळ्यातल्या माळेकडं पाहिलं, मग मडक्याकडं पाहिलं, आणि लोणावळा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी आईकडं बघत होते. तिनं चूळ भरली नाही.

मासा पेटीत सोडला. आम्ही सगळे येता-जाता काचेला नाक लावून बघायचो आणि वर वर दाखवायचो की सहज बघतोय. पहिल्या दिवशी तो दगडाच्या भोकात बसून होता. मग बाहेर आला. दगडावरची हिरवी लव टिपायला लागला. आठवडा गेला, तोंड उघडमीट करत वर आला नाही. दादा ड्यूटीवरून आला की आधी ओटीवर वाकायचा, मग चपला काढायचा.

मग एकादशी आली. आदल्या दिवशी सगळं अंगणात आलं, भांडी, पाट, समई, माझं दप्तर. आई पदर खोचून सगळं घासत सुटली, दुपार कलली तशी ओटीवर आली, आणि पेटीसमोर येऊन उभी राहिली. हातात ओला काथ्या होता. काचेवर बाहेरून धूळ होती आणि वहिनीच्या कुंकवाची रेघ फिकटली होती. आईनं काथ्या खाली टाकला, आत हाक मारली, "मंदे, बाहेर ये." वहिनी तांदळाचे हात पुसत आली. आई म्हणाली, "ह्याचं काय करायचं असतं, त्ये तूच सांग. मी कुटंवर हात लावायचा?"

त्या घरात वहिनीला कोणी काही विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. ती म्हणाली, "बाहेरून पुसा गो, आई. आतलं राहू दे." आणि "गो" तोंडून निसटलं म्हणून तिनं जीभ चावली. आईनं पदराच्या टोकानं काच पुसून घेतली, रेघेला धक्का न लावता, आणि मला म्हणाली, "सुमन, कुंकवाचा करंडा आन गं. रेघ पुसट झालीया."